लाल शेवाळ, तीन ऋतू आणि एक पिशवी

किनारपट्टीवरच्या विज्ञान शाखांचे सिनॉप्सिस चाळायला बसलात, तर एक शीर्षक थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटतं: ‘अमुक किनाऱ्यावरील लाल शेवाळातील जैवसक्रिय घटकांचे ऋतुमानानुसार बदल आणि त्यांची जिवाणूरोधक क्षमता’. पेटची परीक्षा झालेली किंवा व्हायची असलेली, विषय शोधत असलेली बरीच मंडळी या विषयापाशी येऊन थांबतात. कारणंही उघड आहेत. शेवाळ फुकट मिळतं, रत्नागिरीत तर कॉलेजपासून रिक्षाने जाता येईल एवढ्यावर कातळ आहे, प्लेट आणि डिस्क प्रत्येक मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये असतात, आणि वर्षभरात आकडे हातात येतात.

विषय वाईट नाही. उलट चांगला आहे, म्हणूनच त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. पण या विषयावरचे निबंध ज्या साच्यातून बाहेर पडतात, त्या साच्याला ‘ऋतूमुळे बदल झाला’ हे वाक्य म्हणण्याचा अधिकार बहुतेक वेळा पोहोचत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, आणि तोच विषय नीट कसा करता येईल, ते आज बघू. कुणा एकाच्या निबंधावर ही टीका नाही. साच्यावर आहे.

साचा कसा असतो

पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, असं तीन वेळा किनाऱ्यावर जायचं. ओहोटीला कातळावरून ग्रासिलारिया, हिप्निया, अकँथोफोरा अशी तीन-चार लाल शेवाळं गोळा करायची, पिशवीत भरून आणायची. आधी समुद्राच्या, मग नळाच्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची, मिक्सरमध्ये दळायची. मिथेनॉल, इथेनॉल, क्लोरोफॉर्म, पाणी अशा चार द्रावकांत अर्क काढायचा. मग सात-आठ जिवाणूंवर डिस्क ठेवून झोन मोजायचे. सोबत एकूण फिनॉल, एकूण फ्लेव्होनॉइड, जमलं तर जीसी-एमएसची यादी. शेवटी अनोव्हा, आणि ‘पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांत सर्वाधिक क्षमता आढळली’ असा निष्कर्ष.

या साच्याची एक जमेची बाजू आधी मान्य करू. एकाच कातळावर वर्षभर पुन्हा पुन्हा जाणारा माणूस त्या किनाऱ्याची जी नोंद ठेवतो, ती दुसरं कुणी ठेवत नाही. या प्रकारच्या अभ्यासाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून १९८० साली हिप्निया मस्किफॉर्मिसमधलं कॅराजिनन आणि इतर जैवरासायनिक घटक ऋतूनुसार कसे बदलतात यावर निबंध प्रसिद्ध झाला होता. त्याच काळात त्याच संस्थेतले धारगळकर, जगताप आणि उंटवाले महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांचे जैवरासायनिक घटक मोजत होते. म्हणजे ‘आपल्या किनाऱ्यावर शेवाळ किती, केव्हा आणि त्यात काय’ हा प्रश्न नवा नाही. कॅराजिननच्या बाबतीत तो सरळही होता: तोलून बघता येणारा पदार्थ, त्याला गिऱ्हाईक असलेला उद्योग, आणि ‘कुठल्या महिन्यात काढावं’ हा व्यवहारातला सवाल. जिवाणूरोधक क्षमतेकडे वळलो की तोलायचा पदार्थ नक्की कोणता हेच धूसर होतं, आणि गडबड तिथून सुरू होते.

एक पिशवी, तीन डिस्क

पहिला आणि सगळ्यांत मोठा आक्षेप आकडेमोडीचा आहे.

समजा पावसाळ्यापूर्वीच्या अर्काचे झोन आले ११, ११, १२ मिमी. पावसाळ्यातले ९, ९, १०. पावसाळ्यानंतरचे १४, १४, १५. हे आकडे मी उदाहरणासाठी बनवलेत. यावर एकमार्गी अनोव्हा लावा: एफ येतो ५७, स्वातंत्र्यांश २ आणि ६, आणि पी-मूल्य ०.००१ पेक्षा कमी. सॉफ्टवेअर तीन तारे देतं. निबंधात वाक्य येतं, ‘ऋतूंमधील फरक अत्यंत लक्षणीय आहे’.

आता नीट बघा. तीन डिस्क म्हणजे तीन नमुने का? तिन्ही डिस्क एकाच बाटलीतल्या अर्कात बुडवल्या. तो अर्क एका पिशवीतल्या शेवाळाचा. ती पिशवी एका दिवशी, एका कातळावरून भरलेली. म्हणजे तीन डिस्कमधल्या फरकाने तुम्ही मोजला तो तुमचा हात किती स्थिर आहे तो. शेवाळाबद्दल, कातळाबद्दल, ऋतूबद्दल त्या फरकात काही नाही. प्रत्येक ऋतूसाठी खरा नमुना एकच आहे, आणि एका नमुन्यावरून त्या ऋतूतला आतला फरक काढता येत नाही. मग तीन ऋतूंची तुलना कशाशी करणार?

त्याच दिवशी शंभर पावलांवरून दुसरी पिशवी भरली असती तर? तिचा झोन ९ आला असता की १५? हे माहीत नसताना ‘ऋतूमुळे’ म्हणणं म्हणजे एका घरात जेवून अख्ख्या गावाच्या स्वयंपाकाबद्दल बोलणं.

या चुकीला नाव आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाने १९८४ साली तिला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हटलं. आपण मराठीत ‘आभासी पुनरावृत्ती’ म्हणू. त्याने १९६० नंतर प्रसिद्ध झालेले १७६ प्रयोग तपासले. त्यातल्या २७ टक्क्यांत ही चूक होती. आणि ज्यांनी संख्याशास्त्रीय चाचणी लावली होती, फक्त तेवढेच धरले तर ४८ टक्क्यांत. तो निबंध प्रसिद्ध होऊन चाळीस वर्षं उलटली. पेपर-वनच्या अभ्यासात तुम्ही नमुना-निवडीचे प्रकार पाठ करता, त्याच्याबरोबर हा एक निबंध मुळातून वाचा. भाषा कडक आहे, पण एकदा वाचलात की कुठल्याही निबंधातलं ‘एन बरोबर ३’ वाचताना हात आपोआप थांबतो.

झोन नेमकं काय सांगतो

दुसरा आक्षेप मोजमापाचा. डिस्कची पद्धत बाउअर, किर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रमाणित केली, ती दवाखान्यातल्या कामासाठी. औषध ठरलेलं, डिस्कमधली मात्रा ठरलेली, आगरची जाडी ४ मिमी, जिवाणूंचं प्रमाण ०.५ मॅकफारलंड. एवढं सगळं स्थिर ठेवलं की झोनवरून ‘या रुग्णाच्या जिवाणूवर हे औषध चालेल का’ एवढं कळतं. शेवाळाच्या अर्कात यातलं पहिलंच अडतं, कारण आत कोणता पदार्थ किती आहे ते ठाऊक नाही.

झोन दोन गोष्टींवर ठरतो: पदार्थ किती मारक आहे, आणि तो आगरमधून किती लांब सरकतो. लहान, पाण्यात विरघळणारा रेणू भराभर पसरतो. तेलकट रेणू डिस्कपाशीच बसून राहतो. लाल शेवाळांची खासियत असलेले ब्रोमीन-क्लोरीनयुक्त टर्पीन, जे लॉरेन्सियात भरपूर असतात, ते याच दुसऱ्या गटातले. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण लाल शेवाळ निवडलं, त्यांनाच ही पद्धत कमी गुण देते.

याचं दवाखान्यातलं उदाहरण कोलिस्टिनचं. इतर औषधं हरली की शेवटी काढतात ते हे प्रतिजैविक. पण रेणू मोठा आणि धनभारित, त्यामुळे आगरमध्ये नीट पसरत नाही. म्हणून त्याची चाचणी डिस्कने करू नये, द्रवमाध्यमात करावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. झोन लहान म्हणजे औषध कमजोर, हे समीकरण तिथेच कोलमडतं. यात एक गंमतही आहे. ज्या आगरवर आपण हे सगळं करतो ते आगर लाल शेवाळातूनच येतं. १८८१ साली फॅनी हेस्से यांनी स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून ते सुचवलं आणि कोखच्या प्रयोगशाळेत ते रुजलं. तेव्हा ग्रासिलारियाची परीक्षा आपण ग्रासिलारियाच्याच भाऊबंदांच्या जेलीवर घेत असतो.

आणखी दोन गोष्टी निबंध वाचताना तपासायच्या. एक, डिस्कचा स्वतःचा व्यास ६ मिमी असतो आणि तो धरूनच झोन मोजतात. ‘८ मिमी झोन’ म्हणजे प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर. दोन, तुलनेचं औषध. स्ट्रेप्टोमायसिनच्या डिस्कमध्ये १० मायक्रोग्रॅम असतात. अर्काच्या डिस्कवर ५ मिलिग्रॅम टाकले असतील तर ते पाचशे पट झाले. मग ‘अर्काची क्षमता प्रमाणित प्रतिजैविकाच्या जवळपास आढळली’ हे वाक्य वाचून हसावं की रडावं?

याला पर्याय आहे: द्रवमाध्यमातलं एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा. रिओस आणि रेसिओ यांनी २००५ साली वनस्पतिजन्य अर्कांसाठी ढोबळ पट्टी सुचवली. कच्चा अर्क १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली चालला तर लक्ष देण्याजोगा, आणि १ मिलिग्रॅमच्या वरच्या मात्रेत प्रयोगच टाळावेत. ही पट्टी समोर ठेवून दहा निबंध वाचा, बरेचसे ‘उत्तम परिणाम’ कुठे उभे राहतात ते तुमचं तुम्हाला दिसेल.

कोकणातला ऋतू लॅबमध्येही शिरतो

तिसरा आक्षेप आपल्या मातीचा आहे, आणि परदेशी निबंध वाचून तो लक्षात येत नाही.

समशीतोष्ण देशांत ऋतू म्हणजे तापमान आणि दिवसाची लांबी. रत्नागिरीत ऋतू म्हणजे पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. समुद्राचं तापमान त्या मानाने फारसं हलत नाही. हलतं ते किनाऱ्यालगतच्या पाण्याचं खारेपण, गढूळपणा, प्रकाश आणि लाटांचा मार. तेव्हा ‘हिवाळ्यात तापमान घटल्याने फिनॉल वाढले’ असं स्पष्टीकरण युरोपातल्या निबंधातून उचलून रत्नागिरीच्या आकड्यांना चिकटवलं, की ते मापाचं नसलेल्या सदऱ्यासारखं दिसतं.

यापुढची भानगड अशी, की पाऊस फक्त समुद्रावर पडत नाही. तो आपल्या पद्धतीवरही पडतो.

कातळावर पोहोचणं बघा. जून-जुलैत उधाणाच्या ओहोटीलासुद्धा खालच्या कातळावर पाऊल ठेवणं जिवावर बेतू शकतं. मग पावसाळ्यातला नमुना येतो कुठून? एक तर वरच्या पट्ट्यातून, किंवा लाटांनी वाळूवर आणून टाकलेल्या शेवाळातून. मे महिन्यातला नमुना खालच्या पट्ट्यातला. दोघांच्या रसायनात फरक निघाला, तर तो ऋतूचा की पट्ट्याचा? वाहून आलेलं शेवाळ तर मरायला लागलेलं, त्यावर जिवाणूंची वस्ती झालेली. तसंच ‘पावसाळ्यात आढळले नाही’ या शेऱ्याचे दोन अर्थ होतात: शेवाळ नव्हतं, किंवा आपण पोहोचलो नाही. वहीत हे दोन वेगळे लिहा. तक्त्यात दोन्हींच्या जागी शून्य टाकणं तर मुळीच नको.

आता वाळवणं बघा. सगळ्या निबंधांत ‘सावलीत वाळवले’ एवढे दोनच शब्द असतात. मे महिन्यात सावलीतलं शेवाळ दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतं. जुलैत घरातलं मीठ पाणी सोडतं, पापड मऊ पडतात, तिथे शेवाळ काय वाळणार! आठवडाभर ओलसर राहिलं की त्यावर बुरशी धरते, एन्झाइम आपलं काम करत राहतात, उडून जाणारे हॅलोजनयुक्त पदार्थ उडून जातात. मग झोन कमी आला की लिहायचं, ‘पावसाळ्यात जैवसक्रियता घटली’. घटली असेलही. पण या मांडणीत ती समुद्रात घटली की लॅबच्या कपाटावर, हे वेगळं काढता येत नाही.

तिसरा मुद्दा साठवणीचा. तिन्ही ऋतूंची पूड गोळा करून सगळ्या चाचण्या शेवटी एकदम केल्या, तर पहिल्या ऋतूची पूड दहा महिने जुनी आणि शेवटची ताजी. प्रत्येक ऋतूच्या वेळी लगेच चाचणी केली, तर प्रत्येक वेळी माध्यमाची वेगळी बॅच, जिवाणूंची वेगळी वाढ, कदाचित मोजणारा माणूसही वेगळा. दोन्ही मार्गांत ऋतूच्या पोटात दुसरं काहीतरी दडून बसतं.

शेवाळाचं स्वतःचं वेळापत्रक

चौथा आक्षेप शेवाळाच्या बाजूने. आपण ‘ग्रासिलारिया कॉर्टिकाटा’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात एकाच कातळावर तीन-चार प्रकारची झाडं असतात: नर गॅमेटोफाइट, मादी गॅमेटोफाइट, टेट्रास्पोरोफाइट आणि अजून वयात न आलेली. नुसत्या नजरेला सगळी सारखीच. त्यांचं प्रमाण वर्षभर बदलतं. आणि त्यांचं रसायन सारखं असेलच असं नाही. थंड समुद्रातल्या कॉन्ड्रस क्रिस्पसमध्ये गॅमेटोफाइट एका प्रकारचं कॅराजिनन बनवतो आणि टेट्रास्पोरोफाइट दुसऱ्या प्रकारचं, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे.

अ‍ॅस्परागॉप्सिसची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याच्या टेट्रास्पोरोफाइट अवस्थेला लोक कित्येक वर्षं फाल्केनबर्गिया नावाची वेगळीच प्रजाती समजत होते, इतके दोघांचे अवतार भिन्न. आजही चाचण्यांच्या तक्त्यात दोन्ही नावं वेगवेगळ्या ओळींत दिसतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या साल्वाडोर आणि सहकाऱ्यांच्या आयबेरियन शेवाळांच्या अभ्यासात तसंच आहे. तो अभ्यास जरूर वाचा. ८२ शेवाळं, त्यातली ३९ लाल. ताजी आणि लायोफिलाइझ केलेली, दोन्ही तऱ्हांनी तपासलेली. लाल शेवाळांपैकी ६७ टक्के किमान एका सूक्ष्मजीवावर सक्रिय निघाली, आणि सक्रिय लाल शेवाळांचं प्रमाण शरद ऋतूत सगळ्यांत जास्त होतं. आपल्याकडच्या चर्चेच्या प्रकरणात अशी वाक्यं हटकून उद्धृत होतात. पण तिथला शरद म्हणजे आपला ‘पावसाळ्यानंतर’ नव्हे. महिने साधारण तेच, समुद्र वेगळा. आणि ‘सक्रिय प्रजातींचं प्रमाण वाढलं’ याचा अर्थ ‘एका प्रजातीची क्षमता वाढली’ असा होत नाही.

त्याच्याही आधी, १९७४ ते ७६ मध्ये, हॉर्न्सी आणि हाइड यांनी ब्रिटिश शेवाळांवरच्या मालिकेचे तीन भाग लिहिले. पहिल्या भागात १५१ प्रजातींची चाळणी, दुसऱ्यात ऋतू, आणि तिसऱ्यात एकाच शेवाळाच्या वेगवेगळ्या भागांतली क्षमता. हा क्रम मला फार शिकवणारा वाटतो. ऋतूबद्दल बोलल्यावर त्यांना शेवाळाच्या अंगातला फरकही तपासावासा वाटला, कारण कोवळं टोक आणि जून बुडखा यांचं प्रमाणसुद्धा ऋतूनुसार बदलतं. आपल्या साच्यात पहिले दोन भाग आले. तिसरा मागेच राहिला.

छेदात काय आहे

पाचवा मुद्दा छोटा, पण व्हायवात हमखास अडकवणारा. एकूण फिनॉल आपण फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मकाने मोजतो आणि ‘प्रति ग्रॅम कोरडं वजन, गॅलिक आम्ल तुल्य’ असं लिहितो. हा अभिकर्मक फिनॉल ओळखत नाही. जे जे क्षपण करतं त्या सगळ्याशी त्याची अभिक्रिया होते: अस्कॉर्बिक आम्ल, काही शर्करा, प्रथिनांतलं टायरोसिन. लाल शेवाळात फायकोएरिथ्रिन हे रंगीत प्रथिन असतं आणि ते पाण्याच्या अर्कात उतरतं. तेव्हा आकडा वाढला म्हणजे फिनॉलच वाढले, असं नाही. तपकिरी शेवाळांत असणारे फ्लोरोटॅनिन लाल शेवाळात नसतात, तरी त्यांच्यावरचे संदर्भ चर्चेत सर्रास दिसतात. त्यावरही परीक्षक बोट ठेवू शकतो.

शिवाय छेद बघा. ‘प्रति ग्रॅम’मधला ग्रॅम कशाचा? उन्हाळी दिवसांत शेवाळाने स्टार्च आणि बहुशर्करा साठवल्या की वजन वाढतं, आणि फिनॉल तेवढेच राहूनही प्रति ग्रॅम आकडा घसरतो. लाल शेवाळाच्या कोरड्या वजनात राख आणि क्षारांचाही वाटा मोठा असतो. म्हणून राखेचं प्रमाण मोजून ठेवणं, ही मफल भट्टीतली एका दिवसाची मेहनत, पुढची मोठी वादावादी वाचवते.

‘मॅडम, एवढं सगळं आम्हाला परवडणार का?’

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. फेलोशिप उशिरा येते, लायोफिलायझर दुसऱ्या गावात असतो, गाईडला दोन पेपर हवे असतात. म्हणून हिशेबच करू.

साच्यातला प्रयोग: ४ प्रजाती, ३ ऋतू, ४ द्रावक, ८ जिवाणू, प्रत्येकी ३ डिस्क. गुणाकार करा. १,१५२ डिस्क. आणि एवढं करूनही प्रत्येक प्रजातीचा प्रत्येक ऋतूत नमुना एकच.

आता दुसरी मांडणी. एकच प्रजाती. तीन कातळ: रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या पायथ्याचा, उत्तरेला हेदवीचा, दक्षिणेला आंबोळगडचा. प्रत्येक कातळावर एकमेकांपासून दूर अशा तीन जागा, प्रत्येक जागेची पिशवी वेगळी, शेवटपर्यंत वेगळी. तीन ऋतू, सलग दोन वर्षं, कारण एका वर्षाचा पावसाळा म्हणजे ‘पावसाळा’ नव्हे. झाल्या ५४ पिशव्या. एक द्रावक, दोन जिवाणू, एमआयसी दोनदा: २१६ चाचण्या. मायक्रोप्लेटची एक ओळ एका चाचणीला धरली तर तीसेक प्लेटमध्ये काम संपतं. अर्क रंगीत असल्याने गढूळपणा दिसत नसेल तर रिझाझुरिन वापरा. निळ्याचा गुलाबी झाला की जिवाणू जिवंत. मात्र अर्क स्वतःच रंग बदलत नाही ना, हे बघायला जिवाणूंशिवायची एक ओळ ठेवा.

काम कमी झालं, आणि उत्तर पहिल्यांदाच मिळण्याजोगं झालं. प्रवासाचा खर्च वाढतो हे खरं. पण माध्यम, डिस्क आणि द्रावकांवरचा वाचतो.

याच्या जोडीला बिनखर्चाच्या पाच सवयी:

१. पंचांग आणि भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी धरा, आणि प्रत्येक वेळी कातळाचा तोच पट्टा. पावसाळ्यात तो पट्टा गाठता येत नसेल, तर वर्षभर वरच्याच पट्ट्यातली प्रजाती निवडा. पावसाळ्यात एकट्याने जाऊ नका. कालवं काढणाऱ्या बायकांना आधी विचारा, त्यांना कातळाची नस माहीत असते.

२. प्रत्येक पिशवीतली वीस झाडं भिंगाखाली बघा. ग्रासिलारियाच्या मादीवर सिस्टोकार्पचे फुगवटे साध्या डोळ्यांनाही दिसतात. उरलेल्यांचे पातळ छेद घेऊन टेट्रास्पोर शोधा. प्रमाण लिहून ठेवा.

३. सगळ्या ऋतूंत एकाच तापमानाला, हवा खेळती ठेवून, ओव्हनमध्ये वाळवा, आणि किती तासांत वजन स्थिर झालं ते नोंदवा. लायोफिलायझर मिळाला तर उत्तमच.

४. एका दिवशी भरपूर शेवाळ आणून त्याचा एक ‘संदर्भ अर्क’ बनवा, छोट्या कुप्यांत गोठवून ठेवा, आणि प्रत्येक चाचणीत एक कुपी चालवा. तिचा आकडा हलला, तर हललेली गोष्ट तुमची लॅब आहे.

५. बाटल्यांवर ऋतू लिहू नका, क्रमांक लिहा. मोजणाऱ्याला कुठली बाटली कधीची ते कळता कामा नये.

आणि हो, हर्बेरियम शीट आणि थोडं सिलिका जेलमध्ये वाळवलेलं शेवाळ जपून ठेवा. लाल शेवाळांची नावं फार बदलतात. आपल्याकडे पावसाळ्यात वरच्या कातळावर येणारं पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस आता दुसऱ्याच प्रजातीत गेलंय. नाव बदललं तरी चालतं; नमुना हरवला तर सगळं काम हवेत लटकतं.

हे फक्त प्रबंधापुरतं नाही

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासूनच्या पाच वर्षांसाठी शेवाळाकरता ६४० कोटी रुपये ठेवले गेले. किनाऱ्यावरच्या बचतगटांना शेवाळ वाळवायला, विकायला शिकवलं जातंय. उद्या कुणी ‘औषधी गुण जास्त म्हणून ऑक्टोबरातच काढा’ असा सल्ला देताना तुमच्याच निबंधाचा आधार घेईल. ऑक्टोबरात शेवाळ कातळावर नुकतं परत धरायला लागलेलं असतं. तेव्हाच ते खरवडलं, तर पुढच्या हंगामाचं बियाणंच गेलं. असा सल्ला एका पिशवीवर आणि नऊ डिस्कवर उभा असेल, तर नुकसान त्या बाईचं आणि त्या कातळाचं होतं. आपल्याला मात्र पदवी मिळून गेलेली असते.

म्हणून विषय घ्यायचा असेल तर जरूर घ्या, फक्त सिनॉप्सिसमधलं उद्दिष्ट बदला. ‘ऋतुमानानुसार बदलांचा अभ्यास करणे’ याच्या जागी असं काहीतरी लिहा: ‘एका कातळावरील जागांमध्ये, कातळांमध्ये आणि वर्षांमध्ये जेवढा फरक असतो, त्याहून ऋतूंमधला फरक मोठा आहे का, हे तपासणे’. उत्तर ‘नाही’ आलं तरी तो निकाल आहे आणि तो छापण्याजोगा आहे. आरआरसीच्या बैठकीत कुणी विचारलं, की प्रजाती एकच का आणि जिवाणू दोनच का, तर १,१५२ आणि २१६ चा हिशेब फळ्यावर मांडा.